अठ्ठावीस सांधे आणि घरातली माणसं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. त्यामुळे दुखणंसुद्धा मोजता येतं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आकडा लागला की वाद मिटतो, ही माझी जुनी समजूत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांधे सुजवणारा आजार झाल्यापासून माझे हात बऱ्याच जणांनी बऱ्याच तऱ्हांनी मोजले. त्या मोजण्यात काय येतं आणि काय सुटतं, ते लिहून ठेवावं असं मनात होतं.

सुरुवात बोटांपासून झाली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. नळ फिरवायला दोन्ही तळवे लावायचे, गॅसचं बटण दाबून फिरवणं तर अशक्यच. साडेनऊ-दहापर्यंत बोटं सैल व्हायची आणि शाळेत पोचेपर्यंत मी इतकी ठीक असायची की सकाळचं कुणाला सांगितलं तरी खोटं वाटावं. त्या पावसाळ्यात गावात चिकनगुनिया येऊन गेला होता, सगळ्यांचंच काही ना काही दुखत होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी मलाही त्याच खात्यात जमा केलं. इंजेक्शन घेतलं की काही दिवस हात मोकळे, मग पुन्हा तेच. मध्येच कुणी युरिक ॲसिड तपासायला सांगितलं. ते जरा काठावर निघालं आणि आमच्या घरातून डाळ, वांगं, टोमॅटो हद्दपार झालं. बिचाऱ्या वरणाचा काही संबंध नव्हता. मनगटं सुजायची ती सुजतच राहिली.

शेवटी पुण्याच्या नणंदेने ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे अशा सांधेदुखीच्या तज्ज्ञाची, वेळ घेतली. आमचं गाव उजनीच्या पाण्याच्या अलीकडे, करमाळा तालुक्यात. भिगवणला यायचं आणि तिथून पुण्याची गाडी धरायची. सकाळची गाडी धरायची म्हणजे नेमक्या माझ्या सगळ्यात वाईट वेळेला तयार व्हायचं. तेव्हापासून दहावीतली लेक माझ्या निऱ्या धरायला लागली.

त्या डॉक्टरांनी आधी रक्ताचे कागद बाजूला ठेवले आणि हात हातात घेतले. खांदे, कोपरं, मनगटं, तळव्याला जिथे बोटं जुळतात ते सांधे, बोटांचे मधले सांधे, अंगठ्याचे सांधे आणि गुडघे, असे अठ्ठावीस सांधे एकेक दाबून पाहायचे. दुखला का, सुजलाय का, दोन वेगळ्या ओळींत नोंद. त्यात ईएसआर किंवा सीआरपी ही सूज सांगणारी रक्ततपासणी मिळवायची, आणि चौथी गोष्ट म्हणजे पेशंटचं स्वतःचं मत. या सगळ्याचं सूत्र आहे, त्यात वर्गमूळ येतं, लॉगॅरिदम येतो. मी खूश झाले. उत्तर 2.6 च्या खाली आलं तर आजार शांत, 5.1 च्या वर गेलं तर भडकलेला. माझं सहाच्या पुढे होतं.

पावलं या अठ्ठावीसांत नाहीत. माझी पावलं तेव्हा हातांइतकीच ठणकत होती, पलंगावरून खाली टेकवली की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "पावलं मी बघणारच आहे, पण ती आकड्यात येत नाहीत." गणितवाल्या माणसाला हे खटकतं.

पेशंटचं मत मात्र फार मजेदार पद्धतीने घेतात. शंभर मिलिमीटरची एक आडवी रेघ असते. डावं टोक म्हणजे काहीच त्रास नाही, उजवं टोक म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. तुम्ही कुठे आहात तिथे खूण करायची. आता शंभर कशाला धरायचं? बाळंतपणाला? मी पेन घेऊन बराच वेळ बसले आणि सत्तरच्या आसपास खूण केली. शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, बोटं करंगळीच्या बाजूला पुरती कललेली. त्यांनी तिसाला खूण केली आणि कागद परत दिला. "चाललंय की," म्हणाल्या.

मग एक प्रश्नावली. ती कुणीतरी आपल्याकडची घरं पाहून बनवलेली असावी, कारण त्यात साडी-सलवार स्वतः नेसता-बांधता येते का, मांडी घालून किंवा उकिडवं बसता येतं का, रिक्षात चढता-उतरता येतं का, मंडईतून भाजी आणता येते का, असं विचारलेलं होतं. प्रत्येकाला शून्य ते तीन. साडीवर मी अडले. साडी तर मी रोज नेसते, त्याशिवाय का शाळेत जाते? लेक पटकन म्हणाली, "आई, निऱ्या मी घालून देते. ते सांग ना." सहायक डॉक्टर मुलीने दोनला गोल केला. माझ्या खात्यात दोन पडले. लेकीची सकाळची अभ्यासाची वेळ त्यात गेली होती, तिला रकाना नव्हता. ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हाच अडकली आणि नंतर सगळीकडे दिसायला लागली.

अँटी-सीसीपी ही या आजाराची रक्ततपासणी पॉझिटिव्ह निघाली, हाताच्या एक्स-रेत दोन ठिकाणी हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या अस्तरावर चाल करून जाते, ते अस्तर सुजून जाड होतं आणि मग कूर्चा नि हाड खायला लागतं. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर हे पुष्कळ थांबवता येतं, एकदा झिजलेलं हाड मात्र परत येत नाही.

औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लाल पेनाने "रविवार" लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घसरतात, जिवावर बेततं. बाकी गोळ्या रोजच्या असल्यामुळे घरातल्या माणसांनाही हे समजावून सांगावं लागतं. रविवार सोडून फॉलिक ॲसिड. जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, त्यासाठी दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासायचा. सुरुवातीला थोडं स्टेरॉइड, कारण मेथोट्रेक्सेटचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. यकृताची आणि रक्ताची तपासणी आधी वरचेवर, मग तीन महिन्यांनी.

गावच्या मेडिकलवाल्याने गोळी बघून मोठ्याने विचारलं, "मॅडम, ही कॅन्सरची आहे. कुणाला हो?" कॅन्सरसाठी हे औषध वापरतात हे खरं, पण तिथले डोस फार मोठे असतात. हे त्याला सांगेपर्यंत मागे उभ्या असलेल्या दोघींनी ऐकलं होतं. संध्याकाळी सरपंचांच्या मंडळी घरी भेटायला आल्या.

गोळी महाग नाही. खरा पैसा रक्ततपासणीत, गाडीभाड्यात आणि रजेत जातो. मला पगारी रजा आहे. प्रतीक्षागृहात दर खेपेला एखादी तरी अशी भेटते की जिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि बरोबर आलेल्या नवऱ्याचीही.

भिगवणचं ऐकून मी चकित झाले होते. आम्ही ज्या गावात गाडी बदलतो, जिथे हिवाळ्यात रोहित बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, त्याच गावात 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या कार्यक्रमातलं ते भारतातलं सुरुवातीचं काम. दवाखान्यात जे येतात तेवढेच मोजायचे नाहीत, उंबऱ्यावर जाऊन विचारायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट. चार हजारांवर प्रौढ माणसांत 18.2 टक्के लोकांना हाडा-सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस साधारण अर्धा टक्का.

अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही. पण आमच्या गावात दोन हजार प्रौढ असतील असं धरलं तर दहा जण होतात, आणि हा आजार बायकांत दोन-तीन पट जास्त. त्या रात्री मी अंथरुणात पडून त्या दहा जणांना शोधत होते. एक मी. एक वरच्या आळीची ती, जिची बोटं वाकडी झाली म्हणून देवऋषाकडे नेलं होतं. एक आमच्या शाळेत खिचडी शिजवायची ती, जिने "हातात पळी धरवत नाही" म्हणून काम सोडलं आणि सगळ्यांनी तिला आळशी ठरवलं. त्या सगळ्यात मीही होते.

आमच्या एका घरात तर कॉपकॉर्डचे तीन नमुने. आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे झिजलेले आणि पाय धनुष्यासारखे बाकलेले. तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, माझ्याहून वेगळा आजार. यांची कंबर ट्रॅक्टरवर बसून बसून धरलेली. माझ्या हातांनी भाकरी थापणं सोडलं तेव्हा आत्या परत चुलीपुढे आल्या. उभं राहवत नाही म्हणून स्टुलावर बसून थापायच्या, आणि रात्री गुडघ्यांना तेल चोळायला मला बसवायचं तर माझेच हात चालत नाहीत. मग तेही काम लेकीकडे. पाण्याचे हंडे यांच्याकडे. महिनाभरात यांची कंबर इतकी धरली की दोन दिवस ऊस तोडणीवाल्यांपुढे उभं राहायला दुसऱ्याला पाठवावं लागलं. एका माणसाच्या बोटांचा आजार असा घरभर फिरून आला.

आत्यांना सांधाबदलाचं सांगून चार वर्षं झाली होती. पैशाची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा 54,720 रुपये ठरले, कर वेगळा. त्याआधी त्यालाच दीड लाखावर पडायचे. ऑपरेशन, खोली, डॉक्टर हे सगळं वेगळं, तरी आम्ही जमवलं असतं. पण आत्यांचा प्रश्न दुसराच. "मला ऑपरेशननंतर उचलणार कोण? तुझ्यात जोर हाय का?" याला उत्तर नव्हतं. गुडघे राहिले.

एकदा मधल्या सुट्टीत मी फोनवर वाचत बसले होते. जगात सुमारे 171 कोटी माणसांना हाडा-स्नायूंचे आजार आहेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतली 57 कोटी नुसती कंबरदुखीवाली. हे आजार सहसा मारत नाहीत, म्हणून जुन्या काळी मृत्यूंच्या कोष्टकांत ते दिसायचेच नाहीत. नव्वदच्या दशकात आजारासह जगलेली वर्षं मोजायला सुरुवात झाली तेव्हा ते एकदम वर आले. ही वर्षं मोजायला प्रत्येक अवस्थेला शून्य ते एकमधलं एक वजन दिलेलं असतं. शून्य म्हणजे धडधाकट, एक म्हणजे मृत्यू. बहुतेक सांध्यांत दुखणं आणि विकृती, उठाबशीला नि हातांनी उचलायला त्रास, वर थकवा, अशा अवस्थेला 0.317. तीव्र असेल तर 0.581. मी स्वतःला 0.317 मध्ये बसवलं. म्हणजे दर तीन वर्षांतलं जवळजवळ एक वर्ष गेलं असं धरायचं. सोपं गणित आहे, पण ते गेलेलं वर्ष कुणाकुणाच्या खात्यातून गेलं हे त्यातही नाही. शेजारच्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "मॅडम, मग आत्याबाईंचं आणि साहेबांचं मिळवून घरात पुरं एक माणूस मेलेलंच आहे की." हसलो दोघंही.

दिव्यांगाच्या दाखल्याचं यानंतर ठरलं. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर राहत नव्हता, वर्ग वरच्या मजल्यावर होता, आणि रजा संपत आल्या होत्या. मुख्याध्यापक भले माणूस, म्हणाले, "मॅडम, तोंडी मी सगळं देतो, पण उद्या माझी बदली झाली तर? कागद करून घ्या."

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे. आर्थ्रायटिस हे नाव नाही. सांध्यांची हालचाल कमी झाली असेल तर अस्थिव्यंग या दारातून आत जायचं. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज केला. आधार, फोटो, सही. सहीवरून एक तमाशा झाला. माझी बँकेतली सही जुन्या हाताची, आताची सही तिची लांबची बहीण. सेवाकेंद्रातला मुलगा म्हणाला, "ताई, अंगठा द्या, चालतो." पदवीधर शिक्षिकेने अंगठा उठवला.

जिल्हा रुग्णालयात बोलावलं त्या दिवसाआधी मी एका विचित्र पेचात होते. ज्या वेळी माझे हात सगळ्यात वाईट असतात ती वेळ पहाट. तपासणारं डॉक्टरांचं मंडळ बसणार अकरानंतर. तोवर बोटं वळायला लागलेली असतात. शिवाय एसटीत चढायचं तर दांडा धरता आला पाहिजे, म्हणजे वेदनाशामक गोळी घ्यायलाच हवी. गोळी घेतली की हात आणखी मोकळे. न घेता गेले तर माझं खरं रूप दिसेल, पण मग मी पोचणारच नाही. यांना विचारलं तर म्हणाले, "तू घे बाई गोळी. टक्क्यांसाठी रस्त्यात पडायचंय का?" घेतली.

रांगेत एक पाय नसलेला तरुण होता, पोलिओचे दोघं-तिघं होते, मेंदूचा पक्षाघात असलेलं लेकरू कडेवर घेतलेली आई होती. त्यांच्यामध्ये मी साडी नेसून, पर्स अडकवून, दोन्ही पायांवर उभी. कुणीतरी विचारलंच, "तुम्ही कुणाबरोबर आलाय?" खोटे दाखले काढून सोयीच्या बदल्या घेणारे आमच्या पेशात आहेत, पेपरांत येत असतं, त्यामुळे शिक्षक म्हटल्यावर लोकांची नजर बदलते. ती नजर मला चुकीची वाटत नाही. पण जिचं दुखणं दुपारी दिसत नाही तिला तिचा जास्त फटका बसतो हेही खरं.

अस्थिरोगतज्ज्ञांनी पत्र्याचा कोनमापक काढला. दोन हात असलेला, खिळ्यावर फिरणारा. एक हात हाडाच्या रेषेत, दुसरा पुढच्या हाडाच्या रेषेत, आणि वाक म्हणायचं. मनगट, कोपर, एकेक बोट. जिथे नव्वद अंश वाकायला हवं तिथे किती वाकतं. वर्षानुवर्षं मुलांना कोन मोजायला शिकवलं, आता माझ्याच बोटांचे कोन एक मुलगा वहीत उतरवत होता. उजव्या मनगटाशी डॉक्टर थांबले, एक्स-रे उजेडाकडे धरला. मनगटाची हाडं एकमेकांना चिकटली होती. हे मात्र कुठल्याही गोळीने, कुठल्याही वेळेला लपत नाही. मला चक्क बरं वाटलं. आपलं हाड खराब निघाल्याचा आनंद होणं ही त्या रांगेतलीच गोष्ट, बाहेर कुणाला सांगितली तर वेड्यात काढतील.

मी विचारलं, "सर, दुखण्याचे गुण नाहीत का?" ते थकलेले होते, पण नीट बोलले. हालचाल, ताकद आणि हाताने कामं करण्याची क्षमता हे मुख्य. दुखणं, आकसलेपणा, वाकडेपणा याला मिळून वरचे थोडे गुण देता येतात. "मी बघू शकतो तेच लिहू शकतो, मॅडम." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. उत्तरपत्रिकेत लिहिलंय त्यालाच गुण.

कार्ड आलं. 45 टक्के, पिवळी पट्टी. चाळीसच्या खाली पांढरी, ऐंशीपासून निळी. दाखला तात्पुरता, पाच वर्षांनी फेरतपासणी. वर्ग तळमजल्यावर आला, फळ्याजागी मोठा कागद नि जाड मार्कर आला, मुलांपैकी दोघं-तिघं पाळीने गणितं फळ्यावर मांडतात आणि खरं सांगायचं तर त्यांची गणितं सुधारली. जुन्या पद्धतीने कर भरला तर 75,000 रुपयांची वजावटही मिळते. स्टाफरूममध्ये एकीने विचारलं, "मग बदली कुठे मागणार?" मी म्हटलं, तळमजल्यावर.

आता माझा अठ्ठावीस सांध्यांचा आकडा तीनच्या आसपास असतो. सकाळी कडकपणा राहतो तो अर्ध्या तासाचा. मनगट मात्र होतं तिथेच. डॉक्टर म्हणतात औषध लागू पडलंय, आणि ते खरंच आहे. फेरतपासणीला टक्के कमी भरले तर काय, याची काळजी मी अजून सुरू केलेली नाही.

लेक बारावीनंतर पुण्याला गेली. ती करत होती ती कामं आता एक बाई येऊन करतात. भाकरी, निऱ्या, आत्यांच्या गुडघ्याला तेल. महिन्याला अडीच हजार. लेक करत होती तेव्हा हा खर्च आमच्या घरखर्चाच्या वहीत कधीच आला नव्हता, म्हणून मी मागे जाऊन तिच्या दहावी-अकरावीच्या पानांवर पेन्सिलीने तेवढीच रक्कम मांडून ठेवली. बेरीज यांना दाखवली. ते बराच वेळ वही बघत बसले आणि म्हणाले, आईच्या भाकऱ्यांचे पण लाव.

आत्यांच्या उजव्या गुडघ्याची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. उचलायला नणंद येणार आहे. तिची रजा बिनपगारी, तेवढ्या दिवसांचे पैसे मी वहीत आधीच मांडलेत.